कागदांचं कारस्थान

व्हिक्टोरियन रहस्यकादंबऱ्यांवरच्या मूकपटांचा विषय निघाला की आमच्या फिल्म सोसायटीतली काही विद्वान मंडळी एकच पालुपद आळवत. रहस्य म्हणजे उलटतपासणी, कबुलीजबाब, खटकेबाज संवाद. मुक्या पडद्यावर त्याची डाळ कशी शिजणार? मी तेव्हाही भांडत होतो, आजही भांडतो. विल्की कॉलिन्सची रहस्यं बोलण्यात नसतातच मुळी. ती कागदांत असतात.

‘द वूमन इन व्हाइट’ आठवा. डिकन्सच्या साप्ताहिकातून १८५९-६० मध्ये क्रमशः आलेली ही कादंबरी म्हणजे जबान्या, रोजनिशी आणि पत्रं यांची चळत. खलनायक सर पर्सिव्हल ग्लाइडचा सगळा डोलारा उभा आहे तो चर्चच्या विवाह-नोंदवहीत, पानाच्या तळाशी दाटीवाटीने कोंबलेल्या एका नोंदीवर. त्याच वहीची नक्कल दुसऱ्या गावी एका वकिलाकडे असते. ती उघडावी, तर नेमकी तेवढीच जागा कोरी! आता इथे संवाद काय दिवे लावणार? आधी ती दाटलेली अक्षरं, मग ती कोरी पट्टी. दोन क्लोजअप, काम फत्ते. पत्र, तार, मृत्युपत्र पडद्यावर आणायला मूकपटाला कधी संकोच वाटला नाही आणि प्रेक्षकालाही ते वाचायची सवय होती. मूकपटांतल्या पाट्यांना कुबड्या म्हणून हिणवणाऱ्यांच्या हे कधी ध्यानातच आलं नाही.

अमेरिकेत १९१२ मध्ये या कादंबरीवर दोन मूकपट निघाले, त्यांची नुसती नोंद करून पुढे जाऊ. डिकन्सच्या कादंबरीवरचा १९१४ चा ‘एडविन ड्रूड’ही तसाच. कॉलिन्सच्याच कादंबरीवरच्या १९१५ च्या ‘द मूनस्टोन’ची आपल्याकडे कुणी आठवण काढलीच, तर ती श्रीरंगपट्टणच्या लुटीतल्या हिऱ्यापायी, सिनेमापायी नव्हे.

माझा जीव अडकला आहे तो थॅनहाउझर कंपनीच्या १९१७ सालच्या ‘द वूमन इन व्हाइट’मध्ये. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलची ही कंपनी. मालक एडविन थॅनहाउझर मूळचा नाटकवाला. दिग्दर्शक अर्नेस्ट वॉर्ड. आणि नायिका लॉरा व तिच्यासारखीच दिसणारी अभागी ॲन या दोघी एकट्या फ्लॉरेन्स ला बादीने केल्या. डबल रोलची त्या काळची रीत अशी: भिंगाची अर्धी बाजू झाकायची, उघड्या बाजूचा अभिनय टिपायचा, हँडलचे फेरे मोजत फीत उलटी गुंडाळायची, मग दुसरी बाजू उघडून पुन्हा पहिल्यापासून. एका फेऱ्याला आठ चौकटी. मोजणी चुकली की हाक यायच्या आधीच बाई दचकणार!

पण खरी मेख पुढेच आहे. दोघी हुबेहूब दिसल्या नाहीत, तर एकीच्या नावावर दुसरीला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्याचं कारस्थान पटत नाही; निराळ्या वाटल्या नाहीत, तर प्रेक्षकच फसतो. कादंबरीकार हे साम्य नुसतं सांगून मोकळा होतो. कॅमेऱ्याला ते दाखवावं लागतं. त्याच १९१७ साली इकडे फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता, दोन्ही झाले होते. तिथे प्रश्न साम्य लपवण्याचा, इथे ते मिरवण्याचा. या दोन चित्रपटांवर शेजारी शेजारी लिहावं, असं आमच्या एकाही अभ्यासकाला वाटू नये?

चित्रपट जुलैत लागला. ऑगस्टमध्ये ला बादीच्या मोटारीला अपघात झाला आणि ऑक्टोबरात ती गेली. पुढच्या वर्षी कंपनीनेही गाशा गुंडाळला. १९२९ मध्ये हर्बर्ट विल्कॉक्सने ब्लँच स्वीटला घेऊन हीच गोष्ट पुन्हा मूकपटात केली, पण तोवर बोलपट दारात उभा होता.

हल्लीच्या रहस्यपटांत कागदच उरलेला नाही. मोबाइलवरचा मेसेज पडद्याच्या कोपऱ्यात फुग्यासारखा तरंगतो आणि विरतो. अक्षर कुणाचं, शाई केव्हाची, पान फाडलं कुणी, हे प्रश्नच संपले. त्यातून महोत्सवांत मूकपट लावलाच, तर सोबतीला ढणढणाटी संगीत असतं, म्हणजे वाचणाऱ्याचं लक्ष उडालंच पाहिजे.

थॅनहाउझरच्या नातवाने आजोबांचे शिल्लक चित्रपट जिद्दीने शोधून इंटरनेटवर खुले केले आहेत. तरुण मित्रांना मी त्यांची लिंक आवर्जून पाठवतो. ही मंडळी ते चित्रपट दीडपट वेगाने पाहतात आणि मलाच फोन करून विचारतात, काका, त्या पाट्या इतक्या भरभर का जातात?