भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा म्युझियम बघून या

मे महिना सरत आला की आपल्या घरांमध्ये दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पोरं 'आता कुठे नेणार?' म्हणून मागे लागतात आणि घरातली मोठी माणसं पावसाच्या आधी माळा साफ करायला काढतात. गावाला जाऊन झालेलं असतं, आंबे संपत आलेले असतात, शाळा उघडायला अजून पंधरा-वीस दिवस असतात. या दिवसांत पोरं मॉलमध्ये जातात आणि माळ्यावरचं सामान भंगारवाल्याकडे. आम्हीही अनेक वर्षं हेच केलं.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच साफसफाईत आमच्या दादीचं पितळी पानदान किलोच्या भावाने गेलं. झाकणावर नक्षी, आत कात-चुन्याच्या डब्या, सोबत मोराच्या आकाराचा अडकित्ता. दादी गेल्यापासून घरात पान कुणी खात नव्हतं आणि ते जागा अडवत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे सहा-आठ महिन्यांनी पुण्याला एका लग्नासाठी गेलो असताना राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो, तर तिथे काचेमागे अडकित्त्यांची रांगच्या रांग. अम्मी त्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. बोलली काही नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: आधी म्युझियम, मग माळा.

पहिली भेट केळकरांकडे

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, शुक्रवार पेठेत हे संग्रहालय आहे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. लहान वयात गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत त्यांनी गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, पण एका वेळी त्यातल्या थोड्याच मांडलेल्या दिसतात. इथे राजेरजवाड्यांचं सोनं-नाणं शोधू नका. दिवे, कुलपं, भांडी, दरवाजे, वाद्यं, हुक्के असा साध्या संसाराचा पसारा आहे. आपल्या मुलांना हेच दाखवायला हवं, कारण यातली निम्मी नावं त्यांना ठाऊक नसतात. आमच्या भाच्याने सुरमेदाणी म्हणजे काय ते अकराव्या वर्षी विचारलं. त्याची नानी रोज सुरमा लावायची.

मस्तानीचा कोथरूडचा महालही इथे पुन्हा उभारलेला आहे. मुलांना इथेच जास्त वेळ लागतो, त्यामुळे तो शेवटी ठेवा.

बुधवार किंवा रविवार असेल तर पुण्यातला जुना बाजार जवळच आहे, मंगळवार पेठेच्या बाजूला. पत्र्याचे डबे, नळाच्या तोट्या, मोडकी घड्याळं आणि त्यातच कुठेतरी एखादं कल्हई उडालेलं तांब्याचं पातेलं. ऊन डोक्यावर यायच्या आत आटपा.

मुंबईत

मुंबईकरांनी काळा घोड्यापासून सुरुवात करावी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. जॉर्ज विटेट या वास्तुकाराने त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला, हे पोरांना बाहेर उभं राहूनच सांगा, म्हणजे ती आत वर बघत जातात. अकबर बादशहाचं चिलखत आणि ढाल इथे आहे. आमच्या मते मात्र इथली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'अन्वार-ए-सुहैली' या फारसी ग्रंथाची अकबराच्या चित्रशाळेत तयार झालेली पानं. ही गोष्ट मुळात पंचतंत्राची. संस्कृतातून ती पहलवीत गेली, तिथून अरबीत 'कलीला व दिमना' झाली, मग फारसीत आली आणि शेवटी मोगल चितारांच्या हातून पुन्हा हिंदुस्थानात रंगली. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून अशी पानं कायम मांडून ठेवत नाहीत. आत गेल्यावर सध्या काय लावलं आहे ते विचारा.

शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासूनची. आत जायला पैसे पडत नाहीत, हे अजूनही कित्येक घरांना माहीत नाही. 'आपल्यासारख्यांचं तिथे काय काम' असं वाटून लोक बाहेरच्या फुटपाथवरची चित्रं बघून परत फिरतात. फुटपाथवरचीही बघाच, तीही चांगली असतात. पण आतही जा. पावसाळ्याच्या सुमारास कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची चित्रं तिथे लागतात. घरात कुणी चित्रं काढणारं असेल तर त्याला ती जरूर दाखवा. १९४७ मध्ये याच शहरात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप जमला. त्यातले हुसेन पंढरपूरचे, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत पोट भरलेले. रझा मध्य प्रदेशातल्या खेड्यातून आलेले, आरा घरकाम करून चित्रं काढणारे. 'चित्रकलेत काय ठेवलंय' म्हणणाऱ्या चाचांना ही तीन नावं सांगून बघा.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या जमाती आणि धंदे यांचे मातीचे छोटे पुतळे तिथे आहेत. बुधवारी बंद असतं.

आणि चोर बाजार. मटण स्ट्रीटची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तोही पहाटेपासून. दोन्हींची मजा वेगळी. नुसतं बघायचं आणि शिकायचं असेल तर शुक्रवार सोडून जा. दुकानदारांपैकी बरेच जण आपल्याच लोकांतले, पिढ्यानपिढ्या या धंद्यात. गर्दी नसेल तर चहा पाजून वस्तूची कूळकथा सांगतात. त्यातली कथा किती आणि कूळ किती, हे मात्र आपण ओळखायचं.

सोनेरी भोंग्याचा ग्रामोफोन दिसला की समजा, बहुतेक वेळा तो इकडचे-तिकडचे भाग जोडून अलीकडे बनवलेला आहे. 'दोनशे वर्षांपूर्वीच्या' पेटीला चौकोनी फुलीच्या खाचेचे स्क्रू असतील तर ते स्क्रूच १९३० नंतरचे आहेत. पितळेचं भांडं नीट हातात घ्या. खऱ्या वापराने उंचवट्यांवर, कडीवर, जिथे बोटं लागतात तिथे ते गुळगुळीत आणि उजळ होतं, काळपटपणा खाचांमध्ये राहतो. सगळीकडे एकसारखं काळं असेल तर कुणीतरी रसायन लावून ते 'म्हातारं' केलंय. बिदरीच्या नावाखाली रंगवलेलं लोखंड कुणी दिलं तर चुंबक लावा. खरी बिदरी जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाची, तिला चुंबक चिकटत नाही. मराठवाड्यातल्या किती घरांत बिदरीचा एखादा उगालदान किंवा हुक्क्याचा तळ धूळ खात पडलाय, देव जाणे. त्याला चिंच आणि राखेने घासू नका एवढंच हात जोडून सांगणं आहे. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे. बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून तो मुद्दाम आणलेला असतो, त्यामुळेच चांदीची नक्षी उठून दिसते.

माळ्यावरची कागदांची पेटी

भांड्यांचं एक वेळ जाऊ द्या. खरं नुकसान होतं ते कागदांचं. आपल्याकडे कुरआन शरीफचे किंवा दुआंच्या किताबांचे जीर्ण कागद रद्दीत जात नाहीत. अदबीने ते दफन करतात किंवा वाहत्या पाण्यात 'थंड' करतात. ही रीत चांगलीच आहे. पण त्या गाठोड्यात पणजोबांच्या हातची नक्कलही जाते, आणि ते कुणी उघडून बघत नाही.

हाताने लिहिलेलं आणि छापलेलं यात पटकन फसायला होतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लखनौला शिळाछापाचे मोठे छापखाने होते. कातिबाने लिहिलेलं अक्षर दगडावर उतरवून छापायचं ही त्यांची पद्धत, त्यामुळे छापील पानही हस्तलिखितच वाटतं. फरक बघायचा असेल तर पान खिडकीजवळ तिरकं धरा. हाताने लिहिलेल्यात कलम दौतीत बुडवल्यावर शाई गडद होते आणि पुढे फिकी होत जाते, छापील पानात ती सगळीकडे सारखी असते. जुने कातिब दोरे ताणलेल्या पुठ्ठ्यावर कागद दाबून ओळी आखायचे. त्या शाईविना उमटलेल्या ओळी तिरक्या उजेडात दिसतात. मग शेवटचं पान उघडा. तिथे बऱ्याचदा कातिबाचं नाव, गाव आणि हिजरी साल असतं. हिजरी साल ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की साधारण इसवी साल निघतं. म्हणजे १३०० हिजरी लिहिलेलं असेल तर ते १८८३ च्या आसपासचं.

काही जुन्या किताबांवर पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'या कबीकज' असं लिहिलेलं सापडतं. किड्यांनी कागद खाऊ नये म्हणून कातिब ते लिहीत. त्याचा किती उपयोग झाला ते किडेच सांगतील, पण असं पान हाती लागलं तर ते गाठोड्यात टाकू नका.

अशा कागदाला सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यातलं काहीही लावायचं नाही. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, आडवं, पावसाची ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा. वाचून घ्यायला जाणकार मिळतात. मुंबईत जामा मशिदीच्या मोहम्मदिया कुतुबखान्यात अरबी-फारसी हस्तलिखितं जपलेली आहेत, पुण्यात १९१७ पासूनची भांडारकर संस्था हस्तलिखितांसाठीच ओळखली जाते. फोटो काढून नेले तरी कुठून सुरुवात करायची ते कळतं.

विकण्याआधी हे माहीत असू द्या

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू 'पुरावशेष' ठरते, आणि मोलाचं हस्तलिखित असेल तर ७५ वर्षंच पुरतात. घरात ठेवणं हा गुन्हा नाही. पण अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि कुणालाही ती स्वतःहून देशाबाहेर नेता येत नाही. आपल्यातली अनेक घरं आखातात आहेत, म्हणून हे ठळकपणे सांगतो. दुबईच्या भावाला भेट म्हणून दादाजींची सचित्र किताब बॅगेत घालून दिली आणि विमानतळावर पकडली गेली, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. वस्तू एवढी जुनी नसल्याची खात्री असेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो. जुनी चित्रं आणि चित्रं असलेली हस्तलिखितं यांची खात्याकडे नोंदणी करावी लागते. हस्तिदंताची डबी, कंगवा, तसबीह असेल तर ती विकायच्या फंदातच पडू नका, हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे.

आता ७८६ च्या नोटेबद्दल. 'या नोटेला तीन लाख मिळतील' असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी येतो. समोरचा माणूस आधी नोटेचा फोटो मागतो, मग 'रजिस्ट्रेशन फी', मग 'टॅक्स'. ही लूट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी कमिशन आणि कर मागितला जातो म्हणून बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: असे पैसे आम्ही घेत नाही, कुणाला घ्यायला सांगितलेलंही नाही. तांदूळ ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भांड्याचीही गत तीच. त्यात शिकलेल्या लोकांनीही लाखो रुपये घालवले आहेत. विकणारा पैसे घेतो, देत नाही, एवढं पोरांना समजावून ठेवा. जुन्या नाण्यांची हौसच असेल तर मुंबई-पुण्यात संग्राहकांची प्रदर्शनं भरतात. तिथे चार टेबलांवर भाव विचारले की आपल्या डब्यातल्या नाण्यांची खरी किंमत समजते. बहुतेक वेळा ती फार नसते.

आमच्या घरी या वर्षी माळ्यावरून एक टिनची पेटी खाली आली आहे. वर थोड्या उर्दू रिसाल्यांच्या फायली आहेत, खाली कपड्यात बांधलेलं काहीतरी. फारसी वाचणारे मामू जूनच्या पहिल्या रविवारी येणार आहेत. तोवर ती कुणी उघडायची नाही, असं अम्मीने सांगितलंय आणि भंगारवाल्याला हाक मारायचं कामही स्वतःकडे घेतलंय.