पडणाऱ्यांचं कसब

२९ ऑगस्ट १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा 'समरस्लॅम' झाला. आयोजकांनी जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ८०,३५५. जागतिक विजेतेपदाचा मोठा पट्टा रँडी सॅव्हेजच्या कमरेला होता आणि त्याची अल्टिमेट वॉरियरशी झालेली लढत आधीच उरकली होती. रात्रीची शेवटची, मानाची जागा राखून ठेवली होती ती दुय्यम, इंटरकॉन्टिनेन्टल पट्ट्याच्या लढतीसाठी: विजेता ब्रेट हार्ट आणि आव्हान देणारा डेव्ही बॉय स्मिथ ऊर्फ 'ब्रिटिश बुलडॉग'.

कारण उघड होतं. डेव्ही बॉय घरचा पोरगा. विगनजवळच्या गोलबोर्नमध्ये जन्मलेला. विगन हे इंग्लंडमधलं कुस्तीवेडं गाव. बिली रायलीच्या तालमीत घडलेले पैलवान जगभर नावाजले गेले. पुढे शनिवारी दुपारी आयटीव्हीवर दिसणारी कुस्ती हा ब्रिटिश घरांचा नेमच होऊन बसला. ती १९८८ मध्ये बंद पडली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत स्काय वाहिनीवरून अमेरिकन रेसलिंग शिरलं. वेम्ब्लीत जमलेली गर्दी या दोन्हींवर पोसलेली होती. डेव्ही बॉय युनियन जॅकच्या रंगांत आला, त्याच्यापुढे झेंडा घेऊन मुष्टियोद्धा लेनॉक्स लुइस. प्रेक्षकांत बसली होती डायना: डेव्ही बॉयची बायको आणि ब्रेटची सख्खी बहीण. मेहुणे-मेहुण्यांची कुस्ती, आणि निकाल आधीच ठरलेला. ब्रेटने हरायचं.

आता ही लढत पाहिली की नजर डेव्ही बॉयवर ठरत नाही. ब्रेटने आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे, की सुरुवातीच्या काही मिनिटांतच डेव्ही बॉयला पुढचं काही आठवेना. मग पंचवीस-एक मिनिटांच्या त्या लढतीतला प्रत्येक डाव ब्रेटने त्याच्या कानात सांगितला. केव्हा उचल, केव्हा पाड, केव्हा दम घे. हे कळल्यावर ती फीत पुन्हा बघावी. हेडलॉकमध्ये ब्रेटचं तोंड कुठे आहे ते दिसतं. केसांआडून, हाताआडून काहीतरी पुटपुटणं चाललेलं आहे. दमलेला, भांबावलेला माणूस जगज्जेत्यासारखा दिसतो आहे, कारण दुसरा त्याच्याभोवती तशी हालचाल रचतो आहे. मैफलीत गवय्या लय विसरला तर तबलजी ठेका घट्ट धरून त्याला समेवर आणून सोडतो, तसं. शेवटी ब्रेटने सनसेट फ्लिप मारायला झेप घेतली, डेव्ही बॉयने खाली बसत त्याचे पाय अडकवले, आणि एक, दोन, तीन. स्टेडियम कोसळायचं बाकी होतं.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे हे कार्यक्रम आज पाहायचे असतील तर हरणाऱ्याकडे पाहावं. कोल्हापूरच्या मैदानात नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली, ही शिवी. तिथे कुस्ती चितपट झाली पाहिजे, नाहीतर प्रेक्षक वस्तादालाही सोडत नाहीत. अमेरिकन रेसलिंगचा सगळा संसार मात्र नुरा कुस्तीवरच उभा आहे, आणि ते लपवण्याचीही गरज १९८९ मध्ये संपली. नियमनाच्या जाचातून सुटण्यासाठी कंपनीने न्यू जर्सीच्या लोकप्रतिनिधींपुढे हे करमणुकीचं काम असल्याचं सांगून टाकलं. निकाल ठरलेला असला, तर जिंकणं कोणालाही जमेल. हरायला कारागीर लागतो.

त्याचं पहिलं कौशल्य पडण्याचं. धंद्यात त्याला 'बंप' म्हणतात. रिंग म्हणजे पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ गादी आणि वर कॅनव्हास. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, आणि पाठ सपाट ठेवून हाताचे तळवे एकाच वेळी आपटायचे. आघात सगळ्या पाठीवर वाटला जातो आणि फळ्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. आघात खोटा नसतो, फक्त तो कुठे घ्यायचा हे ठरलेलं असतं. दुसरं कौशल्य 'सेल' करण्याचं, म्हणजे मार लागल्याचं पटवणं. पहिल्या मिनिटाला गुडघ्यावर बसलेली लाथ विसाव्या मिनिटालाही चालण्यात दिसली पाहिजे. बरेचसे रेसलर ती तिसऱ्या मिनिटाला विसरतात.

कर्ट हेनिग विसरत नसे. 'मिस्टर परफेक्ट' या नावाने वावरणारा हा गडी समोरच्याची साधी ढकलसुद्धा अशी घ्यायचा की ढकलणारा राक्षस वाटावा. १९९१ च्या उन्हाळ्यात त्याची पाठ गंभीर दुखावली. तरी २६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो उतरला, कारण इंटरकॉन्टिनेन्टल पट्टा ब्रेटच्या हवाली करायचा होता. पडून राहिलेल्या ब्रेटवर त्याने पाय आपटायला उडी घेतली. ब्रेटने खालूनच तो पाय धरला आणि पाठीवर पडल्या पडल्या शार्पशूटरचा पेच आवळला. हेनिगने तत्काळ हार मानली. ज्याची पाठ खरोखर दुखावलेली होती, त्याने पाठ मोडणाऱ्या पेचात अडकल्याचं सोंग केलं. यानंतर तो वर्षभराहून अधिक काळ लढला नाही. ब्रेट हार्ट नावाच्या ताऱ्याचा जन्म त्या रात्रीचा धरतात. सुईण कोण होती, हे फार कमी जण सांगतात.

ब्रेटसारख्या मध्यम अंगाच्या माणसाला ही जागा मिळाली, यामागे कलाप्रेम नव्हतं. १९९१ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातले डॉक्टर जॉर्ज झाहोरियन यांना स्टिरॉइड्स वाटल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं. पुढच्याच महिन्यात कंपनीचा बडा तारा हल्क होगनने टीव्हीवर हात वर केले; १९९४ मध्ये कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यावरच्या खटल्यात मात्र त्याने स्टिरॉइड्स घेतल्याचं साक्षीत कबूल केलं. मॅकमहन जुलै १९९४ मध्ये निर्दोष सुटले. पण तीन वर्षं टांगती तलवार होती, तपासण्या सुरू झाल्या होत्या आणि फुगवलेले दंड संशयास्पद ठरले होते. म्हणून आकाराने लहान, हाताने तयार माणसं पुढे आली. एका लफड्याने कुस्ती सुधारली, असं म्हणायला मला काही संकोच वाटत नाही.

होगनचं हरणं हा स्वतंत्र प्रकार. १ एप्रिल १९९० ला टोरोंटोच्या स्कायडोममध्ये तो वॉरियरकडून हरला. पंचाने तीन मोजताच पुढच्याच क्षणी त्याने खांदा उचलला, म्हणजे केसभर अंतराने गेलं हे सगळ्यांना दिसावं. मग स्वतःच्या हाताने पट्टा वॉरियरला दिला, मिठी मारली आणि डोळे पुसत निघाला; नवा विजेता रिंगमध्ये उभा आणि प्रेक्षकांच्या माना जाणाऱ्या होगनकडे वळलेल्या. हरूनही काही द्यायचं नाही, याचा हा वस्तुपाठ. १९९३ च्या रेसलमेनियात त्याने कहर केला. ब्रेट योकोझुनाकडून हरला आणि लगेच होगनने येऊन त्याच योकोझुनाला अर्ध्या मिनिटाच्या आत झोपवलं. पुढे ब्रेटसमोर पडायला त्याने नकार दिला, असं ब्रेट सांगत आला आहे.

याच्या उलट टोकाला रिक फ्लेअर. १९ जानेवारी १९९२ च्या रॉयल रम्बलमध्ये तीस जणांत तो तिसरा उतरला आणि तासभर टिकून जिंकला. पण तो तास पाहा: गयावया करतो आहे, कोपऱ्यात उलटा होतो आहे, तोंडावर आपटतो आहे. येणारा प्रत्येक जण फ्लेअरला हाणून मोठा होऊन जातो. १९७५ च्या विमान अपघातात ज्याची पाठ मोडली होती, तो माणूस एवढं पडतो. समालोचनाला बसलेल्या बॉबी हीननची फ्लेअरसाठी चाललेली घालमेल हा त्या तासाचा अर्धा आनंद आहे.

आणि १७ मे १९९३. 'मंडे नाइट रॉ' सुरू होऊन चारच महिने झाले होते, चित्रीकरण मॅनहॅटन सेंटरच्या छोट्या सभागृहात. त्या काळी साप्ताहिक कार्यक्रमांत बड्या नावांसमोर 'जॉबर' उभे करत, मार खाऊन घरी जाणारे. असाच एक वीस वर्षांचा काटकुळा पोरगा, शॉन वॉल्टमन, रेझर रॅमनपुढे आला आणि दोरावरून उलटी कोलांटी मारून त्याला चीत करून बसला. त्याचं नाव त्यानंतर '१-२-३ किड' पडलं. श्रेय मात्र स्कॉट हॉलचं, ज्याने रेझर रॅमनच्या वेशात आपला तोरा एका अनोळखी पोराच्या पायाशी ठेवला. पडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आलेला अविश्वास पाहिल्याशिवाय त्या कोलांटीला किंमत येत नाही.

आपल्याकडे हे सगळं केबलवरून, स्टार टीव्हीच्या प्राइम स्पोर्ट्स वाहिनीवरून पोहोचलं, आणि त्याहून जास्त पत्त्यांवरून. शाळेच्या दप्तरात लपवलेल्या त्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कार्डांवर उंची, वजन, छाती, दंड असे रकाने असत. मोठा आकडा जिंके. त्या हिशेबात ब्रेट हार्टचं कार्ड हातात येणं म्हणजे डाव जाणं. सुबक पडण्याला रकाना नव्हता, त्यामुळे एका अख्ख्या पिढीने होगन आणि अंडरटेकर यांनाच थोर मानलं. (१९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षयकुमारने उचललेला अंडरटेकरही खरा नव्हता, तो ब्रायन ली होता. हे ऐकून चाळिशीतली माणसं अजून हिरमुसतात.)

२० मार्च १९९४ च्या रेसलमेनियात ब्रेटने सलामीलाच धाकट्या भावाकडून, ओवेनकडून, हार घेतली. तिथेही ब्रेट खांद्यावर चढून मारलेल्या डावात पकडला गेला, वेम्ब्लीसारखाच स्वतःच्या चालीत. त्याच रात्री शेवटी तो जगज्जेता झाला, तरी ओवेनचा प्रश्न शिल्लक राहिला: ज्याला मी हरवलं तो विजेता कसा? एका हरण्यातून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं कथानक निघालं.

एवढ्या लोकांना उभं करणारा हा माणूस १९९७ मध्ये मात्र अडून बसला. दुसऱ्या कंपनीकडे निघण्यापूर्वी शॉन मायकल्सला पट्टा द्यायचा होता. कॅनडात, आपल्या लोकांसमोर त्याच्याकडून हरणार नाही, असं ब्रेटने सांगितलं. ९ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये मायकल्सने ब्रेटचाच शार्पशूटर त्याच्यावर लावला, आणि ब्रेटने हार मानलेली नसताना मॅकमहन यांनी रिंगजवळ उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेट तिथेच त्यांच्या तोंडावर थुंकला. त्या प्रकरणात बहुतेक जण ब्रेटच्या बाजूने बोलतात. मला तितकं सरळ वाटत नाही. दुखावलेल्या पाठीने गार्डनमध्ये उतरलेल्या हेनिगलाही नाही म्हणता आलं असतं. पण हेनिगला निदान विचारलं गेलं होतं, आणि मॉन्ट्रियलमध्ये ब्रेटला जो निकाल सांगितला होता तो वेगळाच होता.