औषधांचा पहारेकरी : क्लिनिकल फार्मासिस्ट

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथे फवारणी करताना कुणाला विषबाधा झाली किंवा शेतात साप चावला, तर रुग्णाचा पुढील प्रवास बहुधा ठरलेला असतो. प्रथम गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून मांजरसुंब्याच्या रस्त्याने बीडचे जिल्हा रुग्णालय आणि प्रकृती अधिकच खालावली तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. १९७४ साली स्थापन झालेली ही संस्था मराठवाड्यातील असंख्य गोरगरिबांचा आधार आहे. या वाटेवर डॉक्टर बदलतात, परिचारिका बदलतात, केसपेपरही बदलतो. रुग्णाच्या शरीरात गेलेली औषधे मात्र त्याच्याबरोबरच पुढे जात असतात. त्या सर्व औषधांचा एकत्रित विचार करणारी व्यक्ती कोण? याच कामासाठी वैद्यकीय सेवेत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ ही भूमिका निर्माण झाली आहे. तिची ओळख करून घेणे आपणा सर्वांच्या हिताचे आहे.

फार्मासिस्ट म्हटले की मेडिकल दुकानात चिठ्ठी पाहून गोळ्या देणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. क्लिनिकल फार्मासिस्टचे स्थान मात्र रुग्णाच्या खाटेजवळ असते. डॉक्टरांच्या फेरीत तो सहभागी होतो, तपासण्यांचे अहवाल वाचतो आणि प्रत्येक औषधाविषयी प्रश्न विचारतो : हे याच रुग्णासाठी योग्य आहे का? मात्रा बरोबर आहे का? दुसऱ्या औषधाशी त्याचा विरोध तर नाही ना? आणि त्याची गरज अजून उरली आहे का? रोगाचे निदान करणे हे त्याचे काम नव्हे. औषधोपचाराचा अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

अतिदक्षता विभागात नेमके काय घडते?

अतिदक्षता विभागात एकाच रुग्णाला दहा-पंधरा औषधे चालू असणे ही नवलाची गोष्ट नाही. मूत्रपिंडांचे काम मंदावले की अनेक प्रतिजैविके शरीरात साचू लागतात. काल योग्य असलेली मात्रा आज अपायकारक ठरते. अशा वेळी मात्रेचे गणित रोज नव्याने मांडावे लागते. नाकातील नळीवाटे औषध देण्यासाठी गोळी कुटली जाते. परंतु ती बारा तास हळूहळू विरघळणारी असेल, तर कुटल्यामुळे सारे औषध एकदम रक्तात उतरते. सेफ्ट्रिॲक्झोन हे नेहमीचे प्रतिजैविक कॅल्शियम असलेल्या रिंगर लॅक्टेट सलाइनमध्ये मिसळले, तर त्याचे घातक कण तयार होऊ शकतात. सर्पदंशात लहान मुलालाही प्रौढाइतकेच प्रतिविष द्यावे लागते, कारण सापाने सोडलेले विष रुग्णाच्या वजनानुसार कमी होत नाही. अशा बारकाव्यांकडे लक्ष ठेवणे हेच या तज्ज्ञाचे काम होय.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मराठवाड्यातही म्युकरमायकोसिसचे रुग्ण आढळले. त्यावरील ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध सर्वांच्या तोंडी झाले. ते एकाहून अधिक स्वरूपांत मिळते. लायपोसोमल प्रकाराची मात्रा वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅम असते. जुन्या साध्या प्रकाराची मात्रा मात्र दिवसाला दर किलोमागे १.५ मिलिग्रॅमच्या पुढे कधीही जाऊ द्यायची नसते. नाव एकच, पण एकाची मात्रा दुसऱ्याला दिली तर हृदय बंद पडण्याचा धोका! औषधांचा तुटवडा असताना, जे मिळेल ते घेऊन नातेवाईक धावत आलेले असताना, कुपीवरील अक्षरे शांतपणे वाचणाऱ्या माणसाचे मोल किती असेल याची कल्पना यावरून येते.

या कामाचा परिणाम मोजलाही गेला आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात डॉक्टरांच्या फेरीत फार्मासिस्टचा समावेश करण्यात आला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, औषध लिहून देताना होणाऱ्या चुकांमुळे घडणारे टाळता येण्याजोगे अपाय दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले. विशेष म्हणजे फार्मासिस्टच्या जवळजवळ सर्वच सूचना डॉक्टरांनी स्वीकारल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये औषधांमुळे होणारे अपाय टाळण्यासाठी जागतिक मोहीम हाती घेतली.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात २००८ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने ‘फार्म-डी’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील शेवटचे वर्ष रुग्णालयात उमेदवारीचे असते. २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला औषधाविषयी समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. तरीही ही सेवा मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांत दिसते. गावच्या आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी असतो. साठा, नोंदी आणि वाटप यांतच त्याचा दिवस सरतो. ज्या गावकऱ्यांचे उपचार चार ठिकाणी विभागले जातात, त्यांनाच या सेवेची गरज अधिक आहे, ही खरी विसंगती होय.

घरी परतल्यानंतर

अतिदक्षता विभागातून सुटका झाली म्हणजे धोका संपला असे नाही. तेथे तात्पुरती सुरू केलेली झोपेची किंवा आम्लपित्ताची गोळी पुढे महिनोन्‌महिने चालू राहते. मूत्रपिंडांना इजा झालेला रुग्ण अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक घेतो आणि नकळत संकट ओढवून घेतो. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबांत रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या वाटेतच संपतात. फिट्सची गोळी अचानक बंद होणे तर जिवावर बेतू शकते. येथे प्रत्येक औषध कशासाठी, किती दिवस आणि केव्हा थांबवायचे, हे समजावून सांगणारा माणूस हवा असतो.

तो माणूस प्रत्येक गावी येईपर्यंत आपणही काही करू शकतो. रुग्णाला हलविताना चालू औषधांची यादी, रिकामी पाकिटे आणि पूर्वीचे कागद सोबत न्यावेत. पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती, हे न विचारताच सांगावे. घरगुती काढा किंवा आयुर्वेदिक औषध चालू असल्यास लपवू नये. सुटी मिळताना ‘यातील कोणती गोळी केव्हा बंद करायची?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास डॉक्टरांना कळवावेच. शिवाय राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही त्याची नोंद करता येते.

आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आपण फळे नेतो, धीर देतो. त्याबरोबरच त्यांच्या उशाशी असलेल्या गोळ्यांची एक स्वच्छ, वाचता येईल अशी यादी करून दिली, तर तीही मोठीच सेवा ठरेल. आपल्या धर्मग्रामातील विज्ञान शाखेच्या तरुण-तरुणींनीही या क्षेत्राचा जरूर विचार करावा. त्यांची गरज शहरापेक्षा आपल्या तालुक्यांना अधिक आहे.