मेलेला उपग्रह ओळखायचा कसा?

पीएचडीच्या चौथ्या वर्षात माणूस थीसिस सोडून बाकी सगळं करतो, असं आमचे सिनियर सांगायचे. गेल्या महिन्यात मी रेक्टर मॅडमकडून गच्चीची किल्ली मागून घेतली आणि मोजपट्टीचा अँटेना हातात धरून संध्याकाळभर वर उभी राहिले. मोजपट्टी म्हणजे खरंच सुतार वापरतात ती स्टीलची पट्टी. तिचे तुकडे कापून पीव्हीसी पाइपवर आडवे बांधले की बऱ्यापैकी चालणारा अँटेना होतो. त्याची वायर लॅपटॉपला लावलेल्या बोटभर रिसीव्हरमध्ये. वाट बघत होते ती १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेल्या ऑस्कर-७ची. हौशी रेडिओवाल्यांनी हौशी रेडिओवाल्यांसाठी बनवलेला हा उपग्रह १९८१मध्ये बॅटरी बिघडून मेला होता.

ठरल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटांनंतर स्क्रीनवर १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास एक पुसट रेघ उमटली आणि हेडफोनमध्ये मोर्सची टिकटिक सुरू झाली. चार टिंबं, दोन टिंबं. पुन्हा चार, दोन. एच आय, एच आय. त्यामागून नुसते आकडे.

सोबत आलेली मैत्रीण केमिस्ट्रीची. तिने हेडफोन कानाला लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, पण हा तोच कशावरून? वर हजारो फिरतायत."

आजची पोस्ट म्हणजे तिला गच्चीवर नीट न देता आलेलं उत्तर. ऑस्कर-७ निदान मोर्समध्ये बोलतो तरी. बऱ्याच जुन्या उपग्रहांच्या बाबतीत तेवढीही सोय नसते. त्यांच्या सिग्नलमध्ये माहिती कुठल्या पद्धतीने बांधली आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं, किंवा उपग्रह नुसता एक सूर लावून बसलेला असतो. तरीही तो कोण हे सांगता येतं. बोलणं कळायची गरजच नाही, सूर कसा उतरतो तेवढं बघायचं.

खडकी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहा आणि न थांबणारी एखादी एक्सप्रेस हॉर्न वाजवत जाऊ द्या. गाडी येत असताना हॉर्न चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. हा डॉप्लर परिणाम आपण अकरावीत शिकलो, गणितं सोडवली आणि विसरलो. पण एक गोष्ट तिथे सहसा सांगत नाहीत. प्लॅटफॉर्मवर उभं असताना सूर एकदम कोसळतो. तीच गाडी तुम्ही अर्धा किलोमीटर लांबच्या गच्चीवरून ऐकलीत तर सूर हळूहळू, सावकाश उतरतो. गाडी तीच, वेग तोच, उतार वेगळा. म्हणजे सूर एकूण किती उतरला त्यावरून गाडीचा वेग कळतो, आणि किती झपाट्याने उतरला त्यावरून ती तुमच्यापासून किती अंतरावरून गेली हे कळतं. डोळे मिटून, रुळ न बघता!

उपग्रहाचंही असंच. फक्त हॉर्नच्या जागी रेडिओ लहरी आणि रुळाच्या जागी कक्षा. दर सेकंदाला सिग्नलची फ्रिक्वेन्सी नोंदवत गेलात की कागदावर एक वक्र तयार होतो. कक्षेची उंची, तिचा कल, उपग्रह तुमच्या डोक्यावरून गेला की क्षितिजाला घासून गेला, हे सगळं त्या वक्राच्या आकारात उतरलेलं असतं. आता आकाशातल्या प्रत्येक ज्ञात वस्तूची कक्षा देणारी यादी घ्यायची. अमेरिकी लष्कर रडारने अशा हजारो वस्तूंवर नजर ठेवतं आणि त्यातली बरीचशी माहिती सगळ्यांना खुली आहे. प्रत्येक वस्तूसाठी 'ही असती तर वक्र कसा दिसला असता' ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं आणि आपल्या वक्राशी जुळवून बघायचं. जिचा फरक सगळ्यात कमी, ती आपली. रडारला वस्तू कुठे आहे ते कळतं, ती बोलतेय की नाही ते कळत नाही. ते अर्धं काम कान लावणाऱ्याचं.

ही युक्ती अंतराळयुगाइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १९५७मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, तेव्हा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी त्याची २० मेगाहर्ट्झवरची बीप बीप टेपवर घेतली. सूर सरकतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी निव्वळ त्यावरून स्पुटनिकची कक्षा काढली. पुढे हाच प्रश्न उलटा करून, म्हणजे कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे शोधून, अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट ही दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. या प्रयोगशाळेचं नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे ती परत येणार आहे.

(माझा स्वतःचा विषय पल्सार. काही पल्सार दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतात, त्यामुळे त्यांच्या ठोक्यांमधलं अंतर आवळतं आणि सैलावतं, आणि त्यावरून आम्ही कक्षा काढतो. गणित तेच. एरवी मात्र उपग्रह आमच्या लेखी तांदळातले खडे. डेटातून त्यांचे सिग्नल निवडून फेकण्यात माझे कितीतरी दिवस गेलेत.)

आता खरी गोष्ट. मार्च २०००मध्ये नासाने इमेज नावाचा उपग्रह सोडला. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणात अडकलेल्या विद्युतभारित कणांचं बाहेरून 'चित्र' काढायचं, हे त्याचं काम. त्याआधीचे उपग्रह त्या आवरणातून जाताना वाटेत लागेल तेवढंच मोजायचे, म्हणजे हत्ती आणि सहा आंधळ्यांसारखं. इमेजने पहिल्यांदा अख्खा हत्ती बघितला. त्याची कक्षा लांबुळकी, एका टोकाला पृथ्वीपासून साधारण १,००० किलोमीटर आणि दुसऱ्या टोकाला तब्बल ४६,००० किलोमीटर. ठरलेली मुदत दोन वर्षांची, चालला पाचपेक्षा जास्त. १८ डिसेंबर २००५ रोजी तो अचानक गप्प झाला. घरातला एमसीबी पडावा तसा रेडिओला वीज देणारा स्विच पडला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एक आशा होती. २००७मध्ये उपग्रह बराच वेळ पृथ्वीच्या सावलीत जाणार होता. तिथे बॅटरी पूर्ण उतरली तर सगळी यंत्रणा बंद होऊन पुन्हा चालू होईल आणि स्विचही परत लागेल. २००७ आलं, नासाने कान लावला, काही ऐकू आलं नाही. फाइल बंद झाली.

जानेवारी २०१८मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहणारे स्कॉट टिली वेगळंच काही शोधत होते. त्याच महिन्यात अमेरिकेने झुमा नावाचा गुप्त उपग्रह सोडला होता आणि तो कक्षेत पोचला की नाही यावर उलटसुलट बातम्या येत होत्या. टिली हौशी रेडिओवाले, गुप्त उपग्रहांचे सिग्नल हुडकणं हा त्यांचा छंद. झुमा काही सापडला नाही. पण २० जानेवारीला २,२७२.५ मेगाहर्ट्झच्या जवळ एक रेघ दिसली. या फ्रिक्वेन्सीला सेकंदाला १ किलोमीटर वेगामागे सूर जवळजवळ ७.६ किलोहर्ट्झ सरकतो, त्यामुळे वक्र ठळक मिळतो. यादीशी जुळवल्यावर नाव आलं: इमेज. हा तर मेलेला!

टिलींनी जुनी रेकॉर्डिंग काढून बघितली, तर मे २०१७च्या नोंदीतही तोच सिग्नल होता, तेव्हा लक्ष गेलं नव्हतं. सेस बासा या डच खगोलशास्त्रज्ञाने (योगायोग असा की तेही पल्सारवाले, आणि वक्र जुळवायचं ते सॉफ्टवेअरही त्यांचंच) स्वतःच्या नोंदी तपासल्या, त्यात ऑक्टोबर २०१६चाही सिग्नल निघाला. म्हणजे निदान सव्वा वर्ष हा उपग्रह हाका मारत होता आणि खाली कोणी ऐकत नव्हतं.

नासाने आपल्या मोठ्या अँटेनांनी खात्री करून घेतली. ३० जानेवारीला अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीने, हो, तीच स्पुटनिकवाली, त्याच्याकडून आलेली माहिती उतरवून घेतली आणि तीत उपग्रहाचा स्वतःचा ओळख क्रमांक मिळाला. मुख्य नियंत्रण यंत्रणा चालू होती.

इथपर्यंत बातम्यांमध्ये सगळीकडे आलं होतं. मला अडकवून ठेवलं ते पुढच्या भागाने. उपग्रह परत आला, पण त्याच्याशी बोलणारं घर राहिलं नव्हतं. त्याच्या नियंत्रण कक्षातली यंत्रं आणि त्यांवरच्या ऑपरेटिंग सिस्टिम केव्हाच इतिहासजमा झाल्या होत्या. उरलेली सॉफ्टवेअर कितीतरी आवृत्त्या पुढे गेलेली. टीम पांगलेली. आलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला जुन्या प्रणाली पुन्हा उलगडत बसायची वेळ नासावर आली. किरणोत्साराचे पट्टे, कडाक्याची थंडी आणि ऊन बारा वर्षं सोसून वरचं मशीन टिकलं. खालचं, एसीमध्ये ठेवलेलं, टिकलं नाही.

वाचताना मला हसू आलं नाही, कारण नुकतीच मी यातून गेले होते. तिसऱ्या वर्षात एका पल्सारची जुनी निरीक्षणं माझ्या आताच्या निरीक्षणांशी जोडायची होती. फाइल उघडायची, आकडेही दिसायचे, पण निव्वळ कचरा. ज्या यंत्राने ती लिहिली ते मोडीत निघालेलं, आणि फाइलची रचना ज्या वहीत होती ती वही कपाट हलवताना गेली म्हणे. अडीच महिने मी अंदाज बांधत होते. शेवटी परदेशात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता लागला. त्याने एका ओळीचा ईमेल केला: बाइट उलटे वाच. झालं. तो नोकरी बदलून भलत्याच क्षेत्रात गेला असता, तर माझ्या थीसिसमधलं एक प्रकरण कमी झालं असतं.

इमेजच्या बाबतीत असा ईमेल आला नाही. त्याला आज्ञा पाठवून पाहिल्या, त्याने दाद दिली नाही. फेब्रुवारी २०१८च्या अखेरीस आवाज गेला, नंतर परत आला, ऑगस्टमध्ये पुन्हा गेला.

टिलींनी पुढे मार्च २०२०मध्ये १९६७ सालचा एलईएस-५ हा लष्करी प्रयोगांसाठीचा उपग्रह ऐकला. त्याआधी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या एका हौशी श्रोत्याला १९६५चा एलईएस-१ सापडला होता. तो गडगडत फिरतो, पॅनलवरचं ऊन सारखं कमीजास्त होतं, त्यामुळे त्याचा सूर रामसे बंधूंच्या सिनेमातल्यासारखा हेलकावत येतो.

ही मंडळी उठतात कशी? ऑस्कर-७ हे त्यातलं सगळ्यात सोपं उदाहरण. १९८१मध्ये त्याच्या बॅटरीत शॉर्टसर्किट झालं. सोलर पॅनल वीज बनवायचे आणि ती सगळी शॉर्ट झालेली बॅटरी गिळायची. मग कधीतरी बॅटरीतला एखादा सेल आणखी बिघडला आणि शॉर्टच तुटलं. म्हणजे बिघाडावर बिघाड होऊन दुरुस्ती! २१ जून २००२ रोजी त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. तेव्हापासून बॅटरीशिवाय, थेट पॅनलवर चालतो. ऊन आहे तोवर जिवंत, सावलीत शिरला की बंद. त्याला चालायचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. सावलीतून बाहेर येताना त्यातला कुठला लागेल याचा नेम नाही. ए लागला असता तर तो २९ मेगाहर्ट्झला बोलला असता आणि माझ्या मोजपट्टीला काही कळलं नसतं. त्या संध्याकाळी बी होता.

रात्री खोलीवर येऊन मी रेकॉर्डिंगमधून बिंदू काढले. अठरा मिनिटांत रेघ सुमारे पाच किलोहर्ट्झ खाली आली होती. यादीशी जुळवल्यावर पहिलं नाव आलं ७५३०, हा ऑस्कर-७चा क्रमांक. दुसऱ्या नंबरच्या वस्तूचा वक्र इतका लांब होता की एकाच आलेखात दोन्ही बसवायला अक्ष ताणावा लागला. तोच आलेख मैत्रिणीला पाठवला.

सकाळी तिचा रिप्लाय आला: "पटलं. आता थीसिस लिही."