पाय टेकले नाहीत की पोहता येणाराही का घाबरतो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते, नदीपलीकडे तेलंगणा. अशा नदीकाठच्या भागात पोहायला शिकण्याची जुनी शाळा म्हणजे नदीचा उथळ काठ, नाहीतर शेतातली विहीर. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधायचा आणि हातपाय मारायचे. छातीएवढ्या पाण्यात हे छान जमतं. मग एक दिवस पाय खाली जातो, तळ लागत नाही आणि आठवडाभर शिकलेलं सगळं एका क्षणात विसरायला होतं.

असं का होतं?

गंमत म्हणजे, तरंगण्यासाठी चार फूट पाणी आणि चाळीस फूट पाणी यांत काहीच फरक नाही. आपण जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर आपल्याला वर ढकलतो. खाली आणखी किती पाणी आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो. छाती हवेने भरलेली असेल तर बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं.

पण 'किंचित'च. डोक्याचंच वजन साधारण चार-पाच किलो असतं. घाबरलेला माणूस मान उंच करतो, हात पाण्याबाहेर काढतो, ओरडताना छातीतली हवा सोडतो. बाहेर काढलेल्या प्रत्येक अवयवाचं वजन उरलेल्या शरीराला खाली दाबतं. म्हणजे खोली बुडवत नाही, तर खोलीला घाबरून आपण जे करतो ते बुडवतं.

पाय मारण्याच्या ताकदीवर सगळं अवलंबून असतं, हाही गैरसमज. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले आणि त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं.

मग भीती घालवायची कशी? ढकलून देऊन नाही. 'एकदा टाका, आपोआप येईल' हा गावोगावचा उपाय काहींना लागू पडतो, अनेकांना मात्र जन्मभर पाण्यापासून तोडतो. मानसशास्त्रात वापरली जाणारी पद्धत उलटी आहे: भीतीच्या इतकंच जवळ जायचं की ती सहन होईल, ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं आणि मगच पुढची पायरी.

पहिली पायरी श्वासाची. उथळ पाण्यात तोंड बुडवून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडायचे, वर येऊन श्वास घ्यायचा. नंतर पाठीवर तरंगणं: कान पाण्यात, नजर आभाळाकडे, पोट वर. इथे मान उचलण्याचा मोह होतोच. मान उचलली की कंबर खाली जाते. तिथून पुन्हा उभं राहणं वेगळं शिकावं लागतं, कारण निम्मी भीती 'आता उभा कसा राहू' याचीच असते. हे अंगवळणी पडल्यावर शिकवणारा शेजारी असताना खोल बाजूला काठ धरून लटकायचं, काही सेकंद हात सोडायचा, पाठीवर वळायचं, परत काठ धरायचा. दहा सेकंद, मग वीस. इथे घाई केली की मागचं सगळं वाया जातं.

आता दुसरी बाजू. तलावातली खोलीची भीती घालवता येते, घालवावीही. नदीची भीती मात्र बऱ्याच अंशी रास्त आहे. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यातून थेट डोह लागतो आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. पैनगंगेवर वरच्या बाजूला ईसापूर धरण आहे. वरून पाणी सोडलं किंवा पाऊस झाला की पातळी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख लोक बुडून दगावले, त्यांतले बहुसंख्य गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले.

म्हणून नदीत शिकणाऱ्याने एकट्याने उतरू नये आणि पावसाळ्यात तर नाहीच. कुणी गटांगळ्या खाऊ लागलं तर नवशिक्याने मागोमाग उडी मारू नये; घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली नेतो. काठावरून दोर, बांबू, साडी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा.