महाविद्यालयीन क्रमिक पुस्तकाची किंमत : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या अनुषंगाने

बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि पदवीच्या पहिल्या वर्षात बसलेला विद्यार्थी यांच्या वयात अवघ्या काही महिन्यांचे अंतर असते. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तो एका व्यवस्थेतून दुसऱ्या अगदी निराळ्या व्यवस्थेत येऊन पडतो. शाळेत त्याच्या हाती 'बालभारती'चे पुस्तक असे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या पाठ्यपुस्तक मंडळाने राज्यमंडळाच्या विद्यार्थ्यांपुढील पुस्तकाचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडविला. सबंध राज्यासाठी एक अभ्यासक्रम, त्याचे एक पुस्तक, लाखांनी मोजाव्या इतक्या प्रती; साहजिकच किंमत बेताची. आता तर ही पुस्तके महाजालावर विनामूल्यही मिळतात. महाविद्यालयात पाऊल टाकताच हा आधार संपतो. ठाण्यातील, कल्याणातील वा डोंबिवलीतील विद्यार्थी प्रथम ग्रंथालयात चौकशी करतो, मग स्थानकाजवळच्या दुकानात किंमत विचारतो, आणि पुष्कळदा मूळ पुस्तकाऐवजी 'गाइड' किंवा झेरॉक्स प्रतींची चळत घेऊन घरी जातो. कुटुंबाच्या मासिक हिशेबात शुल्क व रेल्वेचा पास यांत काटछाट करता येत नाही. पुस्तकात ती करता येते, म्हणून ती तेथेच होते.

या स्थितीचे खापर सामान्यतः प्रकाशकांच्या नफ्यावर फोडले जाते. त्यात काही तथ्य असेलही. परंतु किंमत वाढविणारी कारणे केवळ छापखान्यात किंवा दुकानात नसतात. त्यांतील काही अभ्यासमंडळाच्या बैठकीत आणि परिभाषेच्या अनिश्चितीत दडलेली असतात, म्हणजेच ती अध्यापकवर्गाच्या हातची असतात. प्रस्तुत लेखात याच कारणांचा विचार करावयाचा आहे.

१. किंमत कशी ठरते

पुस्तकाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. लेखन, संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, आकृत्या यांवरील खर्च प्रती शंभर काढल्या काय किंवा दहा हजार काढल्या काय, जवळजवळ तेवढाच राहतो. कागद, छपाई, बांधणी व वाहतूक यांचा खर्च मात्र प्रतीगणिक वाढतो. केवळ उदाहरणादाखल पहिला खर्च १,२०,००० रुपये व दुसरा प्रत्येक प्रतीमागे ८० रुपये धरू. ३०० प्रती काढल्यास एका प्रतीचा खर्च ४८० रुपये येतो. ३,००० प्रती काढल्यास तो १२० रुपयांवर उतरतो. कागद तोच, मजकूर तोच. बदलली ती वाचकसंख्या. यावर लेखकाचे मानधन, विक्रेत्याचे कमिशन आणि न खपलेल्या प्रतींचा धोका चढतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे खरे. परंतु ज्या कागदावर ते छापावयाचे त्यावर कर आहे, आणि पुस्तकच करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो भार अखेर किमतीतच शिरतो.

यावरून निघणारे अनुमान सरळ आहे. एकच आवृत्ती जितके अधिक विद्यार्थी आणि जितकी अधिक वर्षे वापरतील, तितकी ती स्वस्त पडेल. वाचकसमूहाचे तुकडे पाडणारी किंवा पुस्तकाचे आयुष्य घटविणारी प्रत्येक गोष्ट त्याची किंमत वाढविते.

२. अभ्यासक्रमाची विभागणी

मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. एकच अभ्यासक्रम या सबंध क्षेत्रात चालतो तेव्हा एका विषयाच्या पुस्तकाला मोठा वाचकवर्ग मिळतो. अलीकडच्या काळात अनेक महाविद्यालये स्वायत्त झाली. ठाण्याची जोशी-बेडेकर व बांदोडकर ही महाविद्यालये आणि कल्याणचे बिर्ला महाविद्यालय ही त्यांतीलच. स्वायत्तता शैक्षणिक दृष्ट्या इष्ट आहे. स्थानिक गरजेप्रमाणे अभ्यासक्रम आखता यावा आणि नवा विषय चटकन आणता यावा, हे तिचे प्रयोजन आहे, आणि त्याबद्दल वाद नाही. तथापि तिचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. लोहमार्गाने जेमतेम वीस किलोमीटर अंतरावरील दोन महाविद्यालयांत एकाच विषयाच्या प्राथमिक अभ्यासपत्रिकेत दोन-तीन प्रकरणांचा फरक पडला, की एका पुस्तकाने दोन्हीकडचे काम भागत नाही. मूलतत्त्वे तीच राहतात, परंतु बाजारपेठ दुभंगते. तीन हजारांचा वाचकवर्ग तीनशेंच्या दहा गटांत विभागला गेला, तर वरील उदाहरणातील १२० रुपयांचे ४८० रुपये होण्यास दुसरे कोणतेही कारण लागत नाही.

सत्रपद्धतीने यात भर घातली. पूर्वी एका विषयाचा एक ग्रंथ वर्षभर, कधी दोन वर्षे पुरत असे. आता त्याच विषयाची सत्रागणिक छोटी छोटी पुस्तके निघतात. प्रत्येकाचे आयुष्य काही महिन्यांचे, आणि अभ्यासक्रम बदलला की थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकट्या भावाच्या उपयोगी पडत नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारातली किंमत पानांच्या स्थितीवर जितकी ठरते, त्याहून अधिक अभ्यासक्रम बदलला की नाही यावर ठरते.

३. परिभाषेची अनिश्चिती

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते आणि तिचे स्वरूप भाषिक आहे. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन केले, आणि केंद्र शासनाने १९६१ साली वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी स्थायी आयोग नेमला. संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश प्रसिद्ध केले. कोश झाले, पण वर्गातील शब्द स्थिर झाले नाहीत. भाषाविज्ञानाचेच उदाहरण घ्यावे. 'फोनीम' या संकल्पनेसाठी कोणी 'स्वनिम' लिहितो, तर कोणी 'ध्वनिम'. 'मॉर्फीम'साठी कोठे 'रूपिम' आढळतो, तर कोठे 'पदिम'. जाणकाराला यांत अडचण वाटत नाही. नवख्या विद्यार्थ्याला मात्र दोन शब्द म्हणजे दोन निरनिराळ्या संकल्पना वाटतात. प्रश्नपत्रिकेत एक शब्द आणि हातातील पुस्तकात दुसरा, अशी गाठ पडली की तो गोंधळतो.

याचा किमतीशी संबंध कोणता, असे विचारले जाईल. संबंध निकटचा आहे. दोन पुस्तके परस्परांच्या जागी वापरता आली तरच विद्यार्थ्याला स्वस्त पुस्तकाची निवड करता येते. शब्द निराळे असल्यामुळे ग्रंथालयातील जुना, उत्तम, पण वेगळ्या परिभाषेत लिहिलेला ग्रंथ कपाटात पडून राहतो आणि नवे पुस्तक विकत घ्यावे लागते. 'गाइड'चे बळही पुष्कळ अंशी येथेच आहे. परीक्षेत अपेक्षित असलेला नेमका शब्द ते हाती देते. विषय समजून घेण्यासाठी इंग्रजी पुस्तक आणि उत्तर लिहिण्यासाठी मराठी मार्गदर्शिका, असा दुहेरी खर्च करण्याची पाळी कित्येकांवर येते. ज्याला तो झेपत नाही तो पहिले पुस्तक सोडतो, म्हणजे समजणे सोडतो आणि उत्तर तेवढे जवळ ठेवतो. पुस्तकाच्या महागाईची खरी हानी ही आहे, आणि ती रुपयांत मोजता येत नाही.

विद्यापीठीय स्तरावर प्रादेशिक भाषांत ग्रंथ व्हावेत म्हणून केंद्र सरकारने चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात प्रत्येक राज्यास एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले होते. महाराष्ट्रात त्यातून नागपूर येथील महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने अनेक विषयांवर ग्रंथ काढले. जाणत्या प्राध्यापकांनी लिहिलेले ते ग्रंथ आजही ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. त्यांपासून घ्यावयाचा धडा असा की, पुस्तक एकदा लिहून व छापून काम संपत नाही. ते अभ्यासक्रमाशी बांधलेले राहिले पाहिजे, वेळोवेळी सुधारले गेले पाहिजे आणि मागेल त्याला मिळाले पाहिजे.

४. वाटून वापरण्याची परंपरा

पुस्तक विकत घेणे न परवडणाऱ्यांनी ते वाटून वापरावे, ही कल्पना या परिसराला नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली निघाले. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, आणि त्याच्या उभारणीत 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे अग्रभागी होते. एकेकाला न परवडणारा ग्रंथ दहा जणांनी मिळून घ्यावा, हेच या संस्थांमागील साधे अर्थशास्त्र होते.

महाविद्यालयातील पुस्तकपेढी हे त्याचेच रूप. ३०० रुपयांचे पुस्तक चार वर्षे चार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने वापरले, तर प्रत्येकाला ते ७५ रुपयांना पडते. केंद्र शासनाने १९७८ साली अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी अशी योजना काढली. वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या महागड्या व्यावसायिक अभ्यासक्रमांवर तिचा भर होता. कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बहुधा महाविद्यालयाच्या स्वतःच्या पेढीवर विसंबावे लागते. ही पेढी यशस्वी होण्यास पैशाइतकीच एक दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे अभ्यासक्रमाचे स्थैर्य. दुसऱ्याच वर्षी अभ्यासपत्रिका बदलली, तर ७५ रुपयांचा हिशेब पुन्हा ३०० वर जातो.

५. प्रती काढण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

झेरॉक्स प्रतींबाबत विद्यार्थ्यांत व अध्यापकांतही एक अपराधी संकोच असतो. त्याचा उलगडा दिल्लीच्या एका खटल्याने पुष्कळसा केला. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांची मुद्रणालये आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठ व त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्याविरुद्ध दावा लावला. नेमलेल्या वाचनाचे उतारे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देण्यास त्यांची हरकत होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हे तत्त्व मान्य केले की, १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२(१)(आय) अन्वये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही. मात्र नेमका किती मजकूर अध्यापनास आवश्यक होता, हा वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणून मोकळा ठेवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. अध्यापकाने विचारपूर्वक निवडलेल्या उताऱ्यांचा संच त्याने सुरक्षित केला. सबंध ग्रंथाच्या चोरट्या आवृत्तीची विक्री सुरक्षित केली नाही. शिवाय झेरॉक्स हा तात्पुरता उपाय होय. चांगले मराठी पुस्तक मुळात अस्तित्वातच नसेल, तर प्रत कशाची काढावयाची?

६. मुक्त पुस्तक

म्हणून विचार पुस्तकाच्या निर्मितीकडे वळतो. लेखनाचा स्थिर खर्च एकदाच संस्थेने सोसावा आणि पुस्तक मुक्त परवान्याखाली सर्वांना वापरावयास, छापावयास, सुधारावयास द्यावे, ही पद्धत आता जगभर रुजली आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' या उपक्रमाने २०१२ सालापासून प्राथमिक विषयांची अशी पुस्तके काढली. युनेस्कोने २०१९ साली मुक्त शैक्षणिक साधनांविषयी शिफारस स्वीकारली. आपल्याकडे मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२४ मध्ये 'अस्मिता' योजनेखाली भारतीय भाषांत पाच वर्षांत २२,००० पुस्तके सिद्ध करण्याचा संकल्प सोडला आहे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना महत्त्वाची खरी. पण तिचा विषय शोधनियतकालिके हा आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची निकड त्याहून वेगळी आहे.

या परिसरातील महाविद्यालयांना व विभागांना काय करता येईल? पहिली गोष्ट, स्वायत्तता राखूनही प्राथमिक अभ्यासपत्रिकांचा मोठा गाभा परस्परसंमतीने समान ठेवता येईल. वैविध्याला उरलेल्या भागात पुरेसा वाव राहील. दुसरी, हा गाभा निदान पाच वर्षे बदलू नये. तिसरी, त्यावर अनेक महाविद्यालयांच्या अध्यापकांनी मिळून एक मुक्त पुस्तक लिहावे आणि ज्याला छापील प्रत हवी त्याला ती केवळ छपाईच्या खर्चात द्यावी. चौथी, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी पारिभाषिक शब्दांची सूची असावी. तीत स्वीकारलेला शब्द, त्याचे प्रचलित पर्याय व मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत द्यावा, आणि प्रश्नपत्रिकेतही तोच शब्द यावा. या सूचीमुळे जुने ग्रंथ पुन्हा वाचनीय होतील.

आक्षेप दोन संभवतात. अशा लेखनाचे श्रेय अध्यापकाला काय, हा पहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत ग्रंथलेखन, भाषांतर व ई-साहित्य यांना गुण आहेत. ते सामूहिक मुक्त पुस्तकालाही निःसंदिग्धपणे लागू व्हावेत, असा आग्रह धरता येईल. दुसरा आक्षेप मराठी प्रकाशकांच्या उपजीविकेचा, आणि तो गंभीर आहे. परंतु मुक्त पुस्तकाचेही मुद्रण, बांधणी व वितरण कोणास तरी करावे लागतेच, आणि प्रगत व पूरक ग्रंथांचे क्षेत्र प्रकाशकांना मोकळेच राहते. गाभ्याच्या पुस्तकावर वाचलेले पैसे त्या ग्रंथांकडे वळण्याची शक्यताही आहे.

शालेय पुस्तक स्वस्त झाले ते कागद स्वस्त झाल्यामुळे नव्हे. वाचकांना एका पुस्तकाभोवती एकत्र आणल्यामुळे. महाविद्यालयीन स्तरावर एकच पुस्तक सर्वांवर लादणे उचित नाही. परंतु जे सर्वांना समान शिकावयाचे आहे, तेवढ्यापुरते तरी एकत्र येण्यास हरकत नसावी. त्यासाठी शासनाच्या नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील अभ्यासमंडळाच्या बैठकीत, शेजारच्या महाविद्यालयाची अभ्यासपत्रिका समोर ठेवून, या कामास प्रारंभ करता येईल.