चाके, कुबड्या आणि नृत्यरचना

सर्वसमावेशक नृत्यात अपंग आणि अपंग नसलेले नर्तक एकाच रचनेत, एकाच कसोटीवर उतरण्यासाठी रंगमंचावर येतात. उपचार म्हणून शिकवले जाणारे नृत्य वेगळे आणि हे वेगळे. येथे तालमी महिनोन्‌महिने चालतात, नर्तकाला मानधन मिळते, प्रेक्षक तिकीट काढून येतो आणि समीक्षकाने दोष दाखवले तर ते ऐकून घ्यावे लागतात.

या प्रवाहाला अनुकूल जमीन तयार केली ती १९७२ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी सुरू केलेल्या ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ने. त्यात ठरलेली मुद्रा किंवा आदर्श बांधा नसतो; दोन शरीरे एकमेकांवर भार टाकतात, तोल देतात, घसरतात आणि त्यातून हालचाल पुढे जाते. पाय किती उंच उचलला जातो याला तेथे फारशी किंमत नाही. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या मेरी व्हर्डी-फ्लेचर यांनी १९८० मध्ये क्लीव्हलँडला ‘डान्सिंग व्हील्स’ ही संस्था काढली, तर १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ॲक्सिस’ सुरू झाली. लंडनच्या ‘कॅनडोको’ची स्थापना १९९१ ची. तिच्या संस्थापक सेलेस्ट डँडेकर या मुळात व्यावसायिक नर्तिका; १९७३ मध्ये प्रयोग चालू असतानाच रंगमंचावर पडून त्यांच्या मानेला इजा झाली आणि पुढचे आयुष्य व्हीलचेअरवर गेले. ॲडम बेंजामिन यांच्यासह त्यांनी ही मंडळी उभी केली. बाहेरच्या नामवंत रचनाकारांना बोलावून त्यांच्याकडून रचना करून घ्यायची, हा कॅनडोकोचा धोरणी निर्णय होता. त्यामुळे अपंग नर्तक मुख्य प्रवाहातल्या नृत्याच्या मापाने मोजला जाऊ लागला.

प्रश्न उरतो तो रचनेचा. आधीपासून ठरलेली पावले व्हीलचेअरवरच्या नर्तकाने कशी करायची? सोपा मार्ग असा की पायांचे काम हातांना द्यायचे. तो पुष्कळदा वापरला जातो आणि पुष्कळदा फसतो, कारण हाती येते ते मूळ रचनेचे फिके रूप. याहून पुढचा मार्ग कॅनडोकोने २०११ मध्ये ट्रिशा ब्राउन यांच्या ‘सेट अँड रिसेट’ या १९८३ च्या रचनेवर काम करताना घेतला. मूळ रचना जशीच्या तशी बसवण्याऐवजी ती ज्या सूचनांतून घडली होती त्या सूचना नर्तकांना दिल्या गेल्या: साधेपणा सोडू नका, अंतःप्रेरणेने वागा, मंचाच्या कडेला राहा, दिसण्या-न दिसण्याशी खेळा. ठरलेल्या हालचालींचा धागा शिकून झाल्यावर या नियमांतून प्रत्येकाने आपल्या शरीराने उत्तर शोधायचे. आकृती बदलली तरी रचनेचा कणा शाबूत राहतो. एका पायाचा नर्तक दोन पायांच्या नर्तकाची नक्कल करत नाही.

काही शरीरे तर अशी हालचाल देतात की ती इतरांना साधतच नाही. डेव्हिड टूल (१९६४–२०२०) यांचे दोन्ही पाय बालपणीच काढावे लागले होते. लीड्समधली टपालखात्यातली नोकरी सोडून ते कॅनडोकोत आले आणि दोन्ही हातांवर संपूर्ण शरीर पेलत नाचले. ‘डीव्हीएट’ या संस्थेच्या ‘द कॉस्ट ऑफ लिव्हिंग’ (२००४) या नृत्यपटात त्यांचा सहनर्तिकेबरोबरचा जमिनीलगतचा नाच पाहताना नजर आपोआप खाली उतरते आणि उंचीबद्दलच्या आपल्या सवयी उघड्या पडतात. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यातही ते नाचले.

व्हीलचेअरचे यंत्रशास्त्रही रचनेत उतरते. नृत्यासाठीची खुर्ची हलकी असते आणि तिची चाके खाली बाहेरच्या बाजूला कललेली असल्याने ती चटकन वळते. नर्तकाला पट्ट्याने खुर्चीशी बांधले की खुर्ची आडवी पडली तरी तो तिच्यासकट पुन्हा उठू शकतो. चालणाऱ्याला पाऊल टाकावेच लागते. चाक मात्र एका धक्क्यावर सलग, एकाच उंचीवरून सरकत जाते. अशी संथ लय पायांनी आणायला बॅले नर्तकांना फार कष्ट पडतात. सहनर्तकाने खुर्चीवर भार टाकला तर तोल कुठे जाईल, हे दोघांनाही तालमीत शिकावे लागते. इतर नर्तकांसाठी वेगळ्या सोयी लागतात. कर्णबधिर नर्तकाला नजरेचा, श्वासाचा किंवा लाकडी मंचाच्या कंपनाचा इशारा पुरतो. दृष्टिहीनाला मंचाची कड समजावी म्हणून जमिनीवर पायांना जाणवणारी पट्टी चिकटवतात.

भारतात हा विषय निघाला की पहिले नाव सुधा चंद्रन यांचे येते. १९८१ मधल्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. जयपूर फूट हा कृत्रिम पाय बसवून १९८४ मध्ये त्या मुंबईत पुन्हा भरतनाट्यम करू लागल्या. पुढे ‘मयूरी’ या तेलुगू व ‘नाचे मयूरी’ या हिंदी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. रबराचा आणि अनवाणी वापरता येणारा हा कृत्रिम पाय मांडी घालणे, उकिडवे बसणे अशा भारतीय सवयी डोळ्यांसमोर ठेवून बनवला होता, आणि भरतनाट्यमही अनवाणीच. पण हा मार्ग शरीराला जुन्या शैलीत बसवण्याचा आहे. सय्यद सलाउद्दीन पाशा यांच्या दिल्लीतील ‘ॲबिलिटी अनलिमिटेड’ने भरतनाट्यम व्हीलचेअरवर आणले तेव्हा शैलीलाच बदलावे लागले: गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची अरमंडी नाही, पदाघात नाही, हस्तमुद्रा, अभिनय आणि चाकांच्या भोवऱ्यांवर सारे पेलले जाते. दोन्ही मार्गांना टाळ्या मिळतात. त्यातल्या किती कलेला आणि किती धैर्याला, हे मात्र कलावंताला कळत नाही. अपंग नर्तकांची ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे.

शरीराची झीज हा कमी बोलला जाणारा भाग. व्हीलचेअर चालवणाऱ्याचे खांदे दिवसभर पायांचे काम करतात. तालमीत तेच खांदे उचलायला, फेकायला, तोलायलाही लागतात. म्हणून सराव आणि विश्रांती यांचे वेळापत्रक काळजीपूर्वक आखावे लागते. त्यात नाट्यगृहांची भर. उतरता रंगमंच, अरुंद विंगा, रंगपटाला पायऱ्या, मंचामागे न पोहोचता येणारे स्वच्छतागृह. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक केले. पण पुष्कळ ठिकाणी रॅम्प प्रेक्षागृहापर्यंत येऊन थांबतो आणि कलावंत कडेवर उचलून मंचावर न्यावा लागतो. म्हणून अनुभवी नर्तक करारासोबत आपल्या गरजांचा लेखी तपशील आयोजकांना आधीच देतात.

ॲलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन यांच्या ‘कायनेटिक लाइट’ या अमेरिकी संस्थेने रॅम्पलाच नेपथ्य केले. ‘डिसेंट’ या रचनेत चढ-उतारांच्या मोठ्या लाकडी पृष्ठभागावर दोघी व्हीलचेअरवरून सुसाट घसरतात. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी त्यांनी फोनवर ऐकता येणारे वर्णनही तयार केले. त्यात एकच निवेदक ‘ती आता डावीकडे गेली’ असे सांगत नाही. चाकांचा आवाज, काव्यमय निवेदन, तांत्रिक वर्णन असे निरनिराळे ध्वनिपट असतात आणि कोणता ऐकायचा हे श्रोता ठरवतो.